डकवर्थ लुईस मेथड, द

डकवर्थ लुईस मेथड, द : क्रिकेट या एकाच विषयावर बेतलेला आयरिश पॉप अल्बम, आणि तो काढणाऱ्या जोडीने स्वतःसाठी घेतलेले नाव. प्रसिद्धी जुलै २००९. गीते, संगीत व गायन नील हॅनन आणि थॉमस वॉल्श यांचे. एकूण रचना १२. याच जोडीचा दुसरा अल्बम ‘स्टिकी विकेट्स’ २०१३ च्या जुलैमध्ये आला. त्यातही १२ रचना आहेत आणि विषयही क्रिकेटच.

क्रिकेटवरची बहुतेक गाणी विजयाच्या दुसऱ्या दिवशी जन्माला येतात. या अल्बममध्ये विजयाला जवळजवळ जागाच नाही. नाणेफेक, पावसाने थांबलेला खेळ, सीमारेषेवर एकटा उभा असलेला क्षेत्ररक्षक, दिवसाची शेवटची षटके खेळून काढायला पाठवलेला नाइट वॉचमन, रेडिओवरचे समालोचन, संपलेले षटक : गाण्यांचे विषय असे आहेत. कसोटी क्रिकेट पाच दिवस चालते आणि त्यातला बराच वेळ मैदानावर काहीही घडत नाही. त्या रिकाम्या वेळावर ज्यांचा जीव आहे, अशा दोघांनी ही गाणी रचली आहेत. गाणी हलकीफुलकी आहेत, जागोजागी हसवतात, पण खेळाची टवाळी त्यांत कुठेही नाही. या अल्बमचे मोठेपण तिथेच आहे.

नाव : एकदिवसीय सामन्यात पाऊस आला की नंतर खेळणाऱ्या संघासमोर किती धावांचे लक्ष्य ठेवायचे, हे ठरवणारी डकवर्थ-लुईस पद्धत क्रिकेट पाहणाऱ्या प्रत्येकाला नावाने ठाऊक असते. ती फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी तयार केली. तिच्यामागे १९९२ च्या विश्वचषकातला सिडनीचा उपांत्य सामना आहे. इंग्लंडविरुद्ध दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. दहा-बारा मिनिटांचा पाऊस पडला आणि खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा त्या काळच्या नियमाने एका चेंडूत २१ धावा उरल्या. डकवर्थ आणि लुईस यांनी मांडलेला विचार असा : फलंदाजी करणाऱ्या संघाची पुंजी उरलेली षटके आणि हातातले गडी या दोहोंची मिळून बनते, म्हणून पावसाने त्या पुंजीतला किती हिस्सा हिरावला हे मोजून लक्ष्य बदलावे. १ जानेवारी १९९७ रोजी हरारे येथे झिम्बाब्वे-इंग्लंड सामन्यात ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली आणि झिम्बाब्वे ७ धावांनी जिंकले. पुढे स्टीव्हन स्टर्न यांनी तिच्यात सुधारणा केली आणि २०१४ पासून त्यांचेही नाव जोडले जाऊन ती डीएलएस झाली. दोघांनी मिळून गाणी लिहायची आणि विषय क्रिकेट, मग जोडीला याहून नेमके नाव सापडणे अवघड होते.

निर्माते : नील हॅनन यांचा जन्म १९७० मध्ये उत्तर आयर्लंडमधील डेरी येथे झाला. वडील चर्च ऑफ आयर्लंडचे बिशप. १९८९ पासून हॅनन ‘द डिव्हाइन कॉमेडी’ या नावाने गाणी करत आले आहेत. भारदस्त आवाज, वाद्यवृंदाची श्रीमंत साथ आणि शब्दांतली चतुराई ही त्यांची ओळख. ‘फादर टेड’ या गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकसंगीत त्यांचेच, आणि २०२३ च्या ‘वोंका’ चित्रपटातली नवी गाणीही त्यांचीच. थॉमस वॉल्श डब्लिनचे, ‘पगवॉश’ या संचाचे प्रमुख. बीटल्स आणि इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा यांच्या वळणाची गोड, गुणगुणत राहावी अशी चाल आणि एकावर एक चढवलेले आवाज ही त्यांची खासियत. एकाचा शब्द आणि दुसऱ्याची चाल अशी सोपी वाटणी इथे करता येत नाही. दोघांचे आवाज आणि दोघांच्या सवयी सगळीकडे मिसळलेल्या आहेत.

दोघेही आयरिश, हे महत्त्वाचे आहे. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडच्या गावोगावी क्रिकेट चाले. पुढे राष्ट्रीय चळवळीच्या काळात ते साहेबाचा खेळ ठरले. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनने आपल्या सभासदांना क्रिकेट, रग्बी, फुटबॉल अशा ‘परक्या’ खेळांची बंदी घातली होती; ती १९७१ पर्यंत टिकली. तरीही खेळ मेला नाही. २ जुलै १९६९ रोजी सायन मिल्स या छोट्या गावात आयर्लंडने वेस्ट इंडीजला २५ धावांत गुंडाळले. १७ मार्च २००७ रोजी, नेमक्या सेंट पॅट्रिकच्या सणाला, विश्वचषकात त्यांनी पाकिस्तानला हरवले आणि क्रिकेटचा गंध नसलेल्या आयरिश घरांतही त्या दिवशी धावफलक पाहिला गेला. अल्बम त्यानंतर दोन वर्षांनी आला. त्या वेळी आयर्लंडला कसोटीचा दर्जा नव्हता. तो २०१७ मध्ये मिळाला आणि पहिली कसोटी मे २०१८ मध्ये मॅलहाइडला पाकिस्तानविरुद्ध झाली. म्हणजे कसोटी क्रिकेटवर इतक्या मायेने गाणाऱ्या या दोघांच्या देशाचा स्वतःचा कसोटी संघच तेव्हा नव्हता. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचे वैर त्यांना बाजूला बसून पाहता आले, कुणाचा झेंडा हाती घ्यावा लागला नाही. गाण्यांतला मोकळेपणा मला तिथून आलेला वाटतो.

‘जिगरी पोकरी’ : अल्बममधले सर्वांत लाडके गाणे, आणि योग्य कारणाने. ४ जून १९९३, मँचेस्टरचे ओल्ड ट्रॅफर्ड, अ‍ॅशेस मालिकेतील पहिल्या कसोटीचा दुसरा दिवस. तेवीस वर्षांचा शेन वॉर्न इंग्लंडमधल्या आपल्या अ‍ॅशेस कारकिर्दीतला पहिला चेंडू टाकतो. चेंडू हवेत आत वळत लेग स्टंपच्या बाहेर टप्पा घेतो आणि तिथून झपकन बाहेर वळून ऑफ स्टंपच्या माथ्यावर आदळतो. फलंदाज माइक गॅटिंग काही क्षण खेळपट्टीकडे पाहत उभा राहतो. क्रिकेटच्या इतिहासात हा शतकातला सर्वोत्तम चेंडू म्हणून नोंदला गेला. वॉर्नने त्या सामन्यात ८ बळी घेतले, मालिकेत ३४.

चेंडूवर स्तुतिगीत लिहिणे सोपे होते. हॅनन-वॉल्श यांनी ते गॅटिंगच्या तोंडी दिले आहे. जुन्या इंग्रजी संगीतनाट्यगृहातल्या विनोदी गाण्यासारखा पियानो धावत राहतो आणि मधल्या वयाचा, अनुभवी, स्वतःबद्दल खात्री असलेला एक फलंदाज आपल्यावर काय गुदरले ते सांगत जातो : नवा पोरगा चेंडू घेऊन आला, हा आपले काय बिघडवणार असे वाटले, आणि मग. गॅटिंग कच्चा गडी नव्हता, म्हणून गाणे उभे राहते. १९८५ मध्ये चेन्नईच्या कसोटीत त्याने भारताच्या फिरकीसमोर २०७ धावा काढल्या होत्या. १९८७ च्या विश्वचषकात वानखेडेवरच्या उपांत्य सामन्यात ग्रॅहम गूचने स्वीपवर स्वीप मारत ११५ धावा केल्या आणि भारताला बाहेर काढले, तेव्हा दुसऱ्या बाजूने गॅटिंगने ५६ धावांची साथ दिली होती. मुंबईकरांना तो दिवस अजून सलतो. तीन दिवसांनी कोलकात्यात अंतिम सामन्यात अ‍ॅलन बॉर्डरच्या पहिल्याच चेंडूला उलटा स्वीप मारायला जाऊन तो बाद झाला. फिरकी कोळून प्यायलेल्या माणसाला जेव्हा चेंडू कळतच नाही, तेव्हाच त्या चेंडूची खरी उंची समजते. एक तपशील मात्र नोंदवायला हवा : गाण्यातला गॅटिंग आपण शून्यावर गेलो म्हणतो, प्रत्यक्षात त्याच्या नावावर ४ धावा होत्या. यमकासाठी कवीने घेतलेली ही सवलत आहे.

इतर गाणी : ‘द एज ऑफ रिव्होल्यूशन’मध्ये क्रिकेटची सत्ता इंग्लंडमधल्या खानदानी मंडळींकडून पूर्वीच्या वसाहतींकडे कशी गेली ते येते. ज्यांना एकेकाळी क्लबाच्या दारातून आत घेतले जात नव्हते, तेच आता ट्वेंटी-२० खेळतात आणि महागड्या गाड्या फिरवतात. आयपीएल सुरू होऊन तेव्हा एकच वर्ष झाले होते, हे लक्षात घेतले तर गाण्याची नजर किती तिखट होती ते कळते. या गाण्यातला इतिहास मुंबईच्या मैदानांवर घडलेला आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना युरोपियनांपुरताच होता. त्याच्या शेजारच्या मोकळ्या मैदानावर हिंदी मुले खेळत. भारतभूमीवरची पहिली कसोटी डिसेंबर १९३३ मध्ये त्याच जिमखान्यावर झाली. आज भारतीय क्रिकेट मंडळाचे मुख्यालय तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, वानखेडेच्या आवारात आहे.

‘जंटलमेन अँड प्लेअर्स’ हे इंग्रजी क्रिकेटमधल्या वर्गभेदाबद्दल आहे. हौशी खेळाडू ते जंटलमेन, पैसे घेऊन खेळणारे ते नुसते प्लेअर्स. दोघांच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरण्याचे दरवाजे अनेक ठिकाणी वेगळे, धावफलकावर नाव लिहिण्याची रीतही वेगळी : हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाआधी, व्यावसायिकाची नंतर. फ्रेड टिटमस या व्यावसायिकाची आद्याक्षरे चुकून आधी छापली गेली, तेव्हा लॉर्ड्सच्या ध्वनिवर्धकावरून ती दुरुस्ती जाहीर करण्यात आली होती. दोन्ही गटांमधला सामना १८०६ पासून होत असे. १९६२ मध्ये तो शेवटचा झाला आणि त्या हंगामानंतर हा भेदच रद्द झाला.

‘मीटिंग मिस्टर मियाँदाद’मध्ये दोस्तमंडळी एका जुन्या व्हॅनमध्ये बसून जावेद मियाँदादला भेटायला पाकिस्तानला निघतात. गाणे निखळ आनंदी आहे. भारतीय कानांना मात्र ते नाव ऐकताच शारजा आठवते : १८ एप्रिल १९८६, शेवटच्या चेंडूवर ४ धावा हव्या असताना चेतन शर्माला मारलेला षटकार. त्या सामन्यात सुनील गावसकरने ९२ धावा केल्या होत्या, त्या कुणाच्या लक्षात राहिल्या नाहीत. इतकी जखम असूनही हे गाणे ऐकताना चेहऱ्यावर हसू येते, ही वॉल्श-हॅनन यांच्या चालीची करामत.

‘टेस्ट मॅच स्पेशल’ हे १९५७ पासून चालत आलेल्या बीबीसी रेडिओच्या समालोचनाला केलेले वंदन. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन ट्रान्झिस्टर कानाशी धरून ऐकलेल्या पिढीला हे गाणे समजावून सांगावे लागत नाही. ‘मेसन ऑन द बाउंडरी’, ‘फ्लॅटन द हे’ आणि ‘द नाइटवॉचमन’ ही संथ वळणाची गाणी पहिल्या ऐकण्यात निसटतात आणि नंतर तीच जास्त आवडू लागतात. ‘द स्वीट स्पॉट’ द्व्यर्थी आहे. त्यातली मजा लवकर संपते.

स्वागत : अल्बम अ‍ॅशेस मालिकेच्या तोंडावर काढला होता. ८ जुलैला कार्डिफची कसोटी सुरू झाली आणि शेवटच्या दिवशी जेम्स अँडरसन व माँटी पनेसर या तळाच्या जोडीने ६९ चेंडू खेळून काढत सामना अनिर्णित राखला. या गाण्यांना शोभेल असाच तो शेवट होता. २०१० मध्ये आयव्हर नॉव्हेलो या ब्रिटनमधल्या गीतकार-संगीतकारांच्या मानाच्या पुरस्कारासाठी सर्वोत्तम अल्बम या विभागात त्याला नामांकन मिळाले. क्रिकेटची विनोदी गाणी म्हणून बाजूला न सारता जाणकारांनी त्यातली रचना पारखली, याचे समाधान वाटते.

‘स्टिकी विकेट्स’ : दुसऱ्या अल्बममध्ये पाहुण्यांची गर्दी आहे : स्टीफन फ्राय, डॅनियल रॅडक्लिफ, समालोचक हेन्री ब्लोफेल्ड आणि डेव्हिड लॉइड. ‘बूम बूम आफ्रिदी’ शाहिद आफ्रिदीवर, ‘द अंपायर’ तंत्रज्ञानामुळे अधिकार गमावत चाललेल्या पंचावर, ‘थर्ड मॅन’ मैदानाच्या विसरलेल्या कोपऱ्यावर. पहिल्या अल्बमचा ताजेपणा इथे थोडा कमी आहे. पण ‘जड्स पॅराडॉक्स’ हे गाणे दोन्ही अल्बममधले सर्वांत विचारी आहे. जुलियन मिचेल यांच्या ‘अनदर कंट्री’ या नाटकातला जड हा मार्क्सवादी विद्यार्थी. उच्चवर्गीय व्यवस्थेचा त्याला तिटकारा, आणि तिनेच जपलेल्या क्रिकेटवर मात्र त्याचे मनापासून प्रेम. ज्याने आपल्याला खाली ठेवले त्याच्या खेळावर जीव का जडावा, हा प्रश्न डब्लिनचा आहे, त्रिनिदादचा आहे आणि मुंबईच्या मैदानांचाही. गाणे उत्तर देत नाही, आणि द्यायला नकोच होते.

परंपरा : क्रिकेटगीतांची थोर परंपरा वेस्ट इंडीजची. १९५० मध्ये लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजने इंग्लंडला हरवल्यावर लॉर्ड बिगिनर यांचा कॅलिप्सो गाजला. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली, गावसकरने चार कसोटींत ७७४ धावा केल्या आणि लॉर्ड रिलेटर यांनी गावसकरवर कॅलिप्सो रचला. पुढे गावसकरने स्वतः शांताराम नांदगावकर यांचे क्रिकेटवरचे मराठी गीत गायले. इंग्लंडमध्ये रॉय हार्पर यांनी १९७५ मध्ये निवृत्त होणाऱ्या खेळाडूवर हुरहुर लावणारे गाणे केले. ही सगळी सुटी गाणी. नाणेफेकीपासून षटकाच्या शेवटापर्यंत पूर्ण अल्बम क्रिकेटला वाहणारे हॅनन आणि वॉल्श यांच्या तोडीचे दुसरे कुणी मला माहीत नाही.

नव्या श्रोत्याने ‘जिगरी पोकरी’पासून सुरुवात करावी, त्याआधी वॉर्नच्या त्या चेंडूचे चित्रण एकदा पाहावे, आणि मग पहिला अल्बम क्रम न बदलता सलग ऐकावा. छोट्या रचना वगळण्याचा मोह होतो; वगळू नयेत, कारण पाऊस पडला की थांबणे हा या खेळाचाच भाग आहे.