प्लेग, पडदा आणि रुग्णाची मर्जी

मुस्लिम समाजाला दवाखान्याचे वावडे आहे, असे आजही सहज बोलले जाते. हा ठपका जुना आहे. मुंबईच्या प्लेगचा इतिहास वाचला की त्याची दुसरी बाजू दिसते.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. घरझडती घेणे, रुग्णाला सक्तीने इस्पितळात नेणे, यांना कायद्याचे बळ मिळाले. रुग्णाला काय हवे, हे विचारण्याची तरतूद त्यात नव्हती.

लोकांचे मागणे तरी काय होते? बाईमाणसाला परपुरुषाने तपासू नये. उशाशी घरचे कोणी असावे. हकिमाचे औषध मिळावे. मौत आलीच तर गुस्ल, कफन, दफन रीतीने व्हावे. हिंदू शेजाऱ्यांनाही आपले सोवळे-ओवळे आणि अंत्यविधी तितकेच प्यारे होते. म्हणूनच 29 ऑक्टोबर 1896 रोजी आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगार चालून गेले, आणि 9 मार्च 1898 रोजी मदनपुऱ्यातल्या मोमीन विणकरांनी एका आजारी मुलीला नेऊ दिले नाही. दंगल उसळली, गोळीबार झाला, माणसे मेली.

पण प्लेग खोटा नव्हता. रुग्ण लपवल्याने घरेच्या घरे उजाड झाली, हेही आपण मान्य केले पाहिजे. प्रश्न उपचाराचा नव्हता, तो देण्याच्या रीतीचा होता. जमातींना स्वतःची प्लेग इस्पितळे काढू दिली, तेव्हा लोकांची भीती कमी झाली. हाफकिन यांची लस आली, तेव्हा विशीही न गाठलेल्या आगाखान तिसरे यांनी लोकांसमोर ती टोचून घेतली. त्यांच्या उदाहरणाने खोजा जमातीतले अनेक जण पुढे आले. शिपाई पाठवून जे साधले नाही, ते विश्वासाने साधले.

2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की एका उपचाराला दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही; रुग्णाला आधी पुरेशी माहिती मिळाली पाहिजे. आम्ही उर्दू शाळांतले शिक्षक मुलांना प्लेगची सनावळी शिकवतो. त्यासोबत हा हक्कही शिकवू या. आईला महिला डॉक्टर हवी असेल, तर मुलीला ते दवाखान्यात न लाजता सांगता आले पाहिजे. आणि डॉक्टरांनी आजार समजावला, तर तो ऐकून घेता आला पाहिजे.