विद्युत रूपांतर चाक (सायकल)

विद्युत रूपांतर चाक म्हणजे तुंब्यात मोटर बसवलेले सायकलचे चाक होय. ते मूळ चाकाच्या जागी बसवून साध्या सायकलचे विद्युत सायकलीत रूपांतर करतात. जांभ्याचे सडे आणि किनारा यांच्यात चढ-उतार असलेल्या रत्नागिरीसारख्या भागात ते उपयुक्त ठरते. निवडीपूर्वी सायकलच्या सांगाड्याचे मोजमाप आवश्यक असते.

मोजमाप

चाक काढून, आस बसतो त्या दोन खाचांमधील आतले अंतर मोजतात. गिअरच्या सायकलींत ते बहुधा पुढे १०० व मागे १३५ मिमी असते. जुन्या साध्या सायकलींत मागचे अंतर कमी असते. टायरचे इंची माप पुरेसे नसते: ‘२८ इंची’ रिमचा बैठकव्यास ६२२ किंवा ६३५ मिमी असू शकतो. त्यामुळे टायरवरील ‘४०-६३५’ अशा आयएसओ ५७७५ मापातील दुसरा आकडा पाहतात. दांडीच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतील बाजूस टेकत असल्याने तेथे रिमची घडणही जुळावी लागते.

सुरक्षितता

मोटर चालताना आसावर उलट पीळ पडतो. चढावर तो वाढतो. खाच सैल किंवा कमकुवत असल्यास आस फिरून तारा तुटतात, चाकही निखळू शकते. म्हणून आस सांगाड्याला जखडणारी पोलादी पट्टी, म्हणजेच टॉर्क आर्म, लावतात.