खेळ जाणणारी स्त्री : चंद्रा नायडू आणि इंदूरचे क्रिकेट

इंदूरच्या दक्षिणेस खंडवा मार्गावरील भंवरकुआं चौकाला अलीकडे जननायक टंट्या भील यांचे नाव मिळाले असले, तरी लोकांच्या तोंडी तो भंवरकुआंच राहिला आहे. देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा तक्षशिला परिसर येथून जवळ आहे, आणि चौकाभोवतीच्या गल्ल्यांतून स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या शिकवण्यांची दाटी झालेली आहे. माळवा, निमाड, बुंदेलखंड अशा दूरदूरच्या भागांतून आलेली मुले-मुली येथे सामान्य ज्ञानाची पुस्तके पाठ करीत असतात. ‘भारतातील पहिल्या महिला क्रिकेट समालोचक कोण?’ हा त्या पुस्तकांना साजेसा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर दोन शब्दांचे आहे : चंद्रा नायडू. परीक्षेपुरते ते पुरेसे असेल. इंदूरच्या इतिहासाला मात्र ते पुरत नाही. या बाई याच गावच्या होत्या, आणि त्यांच्या नावामागे एक जुना सामाजिक प्रश्न उभा आहे. स्त्रीला खेळ कळतो, हे आपण केव्हा आणि कोणत्या अटीवर मान्य करतो?

प्रथम थोडी पार्श्वभूमी. कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे झाला. घराणे तेलुगू, पण आपल्या पूर्वजांप्रमाणेच तेही दुसऱ्या मुलखातून येऊन होळकरांच्या छायेत स्थिरावले. १९२६ च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखाना मैदानावर एम.सी.सी.विरुद्ध अकरा षटकारांसह १५३ धावा काढणारे सी. के. तेव्हा इंदूरकर झालेले होते. १९२३ मध्ये महाराजा तुकोजीराव होळकर (तृतीय) यांच्या निमंत्रणावरून ते येथे आले होते. १९३२ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर भारताने पहिला कसोटी सामना खेळला, त्याचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. पुढल्याच वर्षी, म्हणजे १९३३ मध्ये, त्यांच्या कन्या चंद्रा यांचा जन्म झाला.

ज्या काळात चंद्राबाई वाढल्या तो इंदूरच्या क्रिकेटचा सुवर्णकाळ होय. महाराजा यशवंतराव होळकर (द्वितीय) यांच्या आश्रयाखालील होळकर संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ अशा चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९४५-४६ च्या हंगामात यशवंत क्लबच्या मैदानावर म्हैसूरविरुद्ध या संघाने ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला, आणि त्या एका डावात सहा फलंदाजांनी शतके ठोकली. आदल्या हंगामाच्या अंतिम सामन्यात महायुद्धामुळे महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला व त्याने नाबाद २४९ धावा केल्या. त्याच सामन्यात मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके केली, तरीही विजय मुंबईचा झाला. सरवटे, जगदाळे, निंबाळकर, गायकवाड, भांडारकर ही त्या संघातील नावे आपल्या वाचकांना परकी नाहीत. ती आपल्याच लग्नपत्रिकांतली आणि आपल्याच वाड्यांच्या दारांवरची नावे आहेत.

या संघाविषयी जे लिहिले गेले ते बहुतेक पुरुषांनी, पुरुषांच्या आठवणींवरून लिहिले. धावफलकात फलंदाज, गोलंदाज आणि पंच यांना जागा असते, प्रेक्षकाला नसते. आणि प्रेक्षकांतही स्त्रियांची नोंद शेवटी होते. परंतु विचार करून पाहावा. ज्या घरातील कर्ता पुरुष तीन-चार दिवस मैदानावर उभा असे, त्या घरातल्या स्त्रीला सामन्याची स्थिती ठाऊक नसणे कसे शक्य होते? डाव किती वेळ चालेल, घरचा माणूस आज नाबाद परतेल की उद्याच्या पराभवाचे ओझे घेऊन येईल, हे जाणून घेण्याची निकड तिच्याइतकी दुसऱ्या कोणाला असणार? हे ज्ञान उंबऱ्याच्या आत वावरत राहिले, कारण त्याविषयी तिला कोणी विचारले नाही.

मैदानावर येणाऱ्या स्त्रीविषयी समाजाची कल्पना काय होती, याचे एक प्रसिद्ध उदाहरण मुंबईचे आहे. १९६० च्या जानेवारीत ब्रेबोर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत अब्बास अली बेग यांनी दोन्ही डावांत अर्धशतक केले. त्या वेळी एका तरुणीने मैदानात धाव घेऊन त्यांच्या गालाचे चुंबन घेतले. समालोचनकक्षात बसलेल्या विजय मर्चंट यांनी विनोदाने अशा आशयाचा उद्गार काढला की, आपण शतके आणि द्विशतके काढीत होतो तेव्हा या धाडसी मुली कोठे होत्या? हा किस्सा पुढे पन्नास वर्षे हसत हसत सांगितला गेला. मर्चंट यांच्या मनात काही वावगे नव्हते. तथापि किस्सा एवढा टिकला तो त्यातील स्त्री आपल्या ठरीव कल्पनेत अचूक बसली म्हणून. ती खेळाडूच्या रूपावर भाळलेली असते, खेळ तिच्या दृष्टीने दुय्यम असतो, असे गृहीतच होते. त्याच दिवशी त्याच गॅलरीत बसून बेनो आणि डेव्हिडसन यांची गोलंदाजी बारकाईने न्याहाळणारी एखादी स्त्री असेल, तर तिचा किस्सा होण्यासारखा नव्हता.

या पार्श्वभूमीवर १९७७ चा प्रसंग पाहावा लागतो. टोनी ग्रेग यांच्या नेतृत्वाखाली एम.सी.सी.चा संघ भारताच्या दौऱ्यावर आलेला होता आणि राष्ट्रीय विजेत्या मुंबई संघाशी त्याचा सामना इंदूर येथे होता. चंद्रा नायडू यांनी पहिले समालोचन केले ते या सामन्याचे. तेव्हा त्यांचे वय त्रेचाळीस-चव्वेचाळीस होते. व्यवसायाने त्या प्राध्यापक होत्या. इंदूरच्या शासकीय कन्या महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवीत. अर्थात कोणी हौशी तरुणी नवलाई म्हणून ध्वनिक्षेपकापुढे बसवली गेली, असा हा प्रकार नव्हता. भाषेवर प्रभुत्व आणि बालपणापासूनची खेळाची ओळख या दोन्ही गोष्टी घेऊन त्या तेथे आल्या होत्या.

त्या काळातील समालोचन म्हणजे काय काम होते, हे आजच्या दूरचित्रवाणीच्या पिढीला समजावून सांगणे इष्ट होईल. पुनर्दर्शन नाही, पडद्यावर आपोआप उमटणारे आकडे नाहीत. शंभर पावलांवर उभा असलेला क्षेत्ररक्षक त्याच्या चालण्याच्या लकबीवरून ओळखावा लागे. चेंडू स्क्वेअर लेगकडे गेला की फाइन लेगकडे, हे तो सीमेवर पोहोचण्यापूर्वी सांगावे लागे. पायचीतचे अपील झाले तर पंचाचा निर्णय आणि त्याचे संभाव्य कारण क्षणार्धात मांडावे लागे. दोन चेंडूंमधील रिकामी जागा माहितीने भरावी लागे, आणि हे सर्व ऐकणाऱ्याला मैदान दिसत नसे. ऐकीव माहितीवर किंवा नुसत्या कौतुकावर हे काम एक षटकभरही निभावत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९७७ पर्यंत भारतातील स्त्रिया क्रिकेट खेळत नव्हत्या, असे मुळीच नाही. १९७३ मध्ये भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली, पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्याच वर्षी पुण्यात झाली, आणि १९७६ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध भारतीय महिला कसोटी क्रिकेटही खेळल्या. आपल्या इंदूरच्याच संध्या अगरवाल यांनी १९८६ मध्ये इंग्लंडविरुद्ध वूस्टर येथे १९० धावा काढून बेटी स्नोबॉल यांचा १९३५ पासूनचा १८९ धावांचा विक्रम मागे टाकला. खेळणाऱ्या स्त्रीचा मार्ग बिकट होता, उपेक्षेचा आणि पैशांच्या टंचाईचा होता. पण तिच्यापाशी एक पुरावा असे. १९० हा आकडा कोणाला नाकारता येत नाही. पाहणाऱ्या, जाणणाऱ्या स्त्रीपाशी असा आकडा नसतो. तिचे ज्ञान दुसऱ्याने मान्य केले तरच ते ज्ञान ठरते.

पुरुषाला ही अडचण कधी आली नाही. भारतात क्रिकेट समालोचनाचा पाया घालणारे ए. एफ. एस. तल्यारखान कसोटीपटू नव्हते. हॉकीच्या सामन्यांचे ‘आँखों देखा हाल’ घराघरांत पोहोचवणारे जसदेव सिंह ऑलिंपिक खेळाडू नव्हते. म्हणून त्यांच्या अधिकाराविषयी कोणी शंका घेतली नाही, आणि घेऊही नये. डोळस प्रेक्षक असणे हीच त्यांची पात्रता होती. राजवाड्यासमोर सामन्याची चर्चा करणाऱ्या, आयुष्यात बॅट हाती न धरलेल्या गृहस्थालाही हा अधिकार आपोआप लाभतो. हाच विषय एखाद्या बाईने काढला की तिला ‘गुगली म्हणजे काय, सांगा बघू’ असे विचारले जाते. प्रश्न गमतीचा असला तरी परीक्षकाची खुर्ची आधीच कोणीतरी पटकावलेली असते.

चंद्राबाईंना ही परीक्षा द्यावी लागली नाही, त्याचे एक कारण त्यांचे आडनाव होते, हे मान्य केले पाहिजे. सी. के. नायडूंच्या कन्येला क्रिकेट कळते का, असे विचारण्याचे धाडस इंदुरात कोण करणार? परंतु येथेच आपल्या भाषेची एक सवय उघडी पडते. क्रिकेटपटूचा मुलगा खेळात आला तर आपण त्याला ‘वारसा’ म्हणतो. मुलगी आली तर ‘अमुक यांच्या कन्या’ म्हणून तिची ओळख करून देतो. एकाकडे ज्ञान संक्रमित झाले असे मानतो, दुसरीकडे केवळ नाते. चंद्राबाईंविषयीच्या बहुतेक मजकुराचा आरंभ वडिलांपासून होतो, आणि प्रस्तुत लेखही त्याला अपवाद नाही. १९९५ मध्ये, सी. के. यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी वडिलांच्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकातही स्वतःसाठी त्यांनी ‘कन्या’ हाच शब्द योजला. तरीदेखील त्या पुस्तकाने घराच्या आतून पाहिलेला क्रिकेटचा एक काळ शब्दबद्ध झाला, आणि तो लिहिणारी व्यक्ती खेळ जाणणारी होती, हे त्याचे मोल मोठे आहे.

हा केवळ आपल्या देशाचा दोष आहे असेही कोणी समजू नये. ज्या लॉर्ड्सवर सी. के. यांनी भारताचे नेतृत्व केले, तेथील एम.सी.सी. या १७८७ मध्ये स्थापन झालेल्या क्लबने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा निर्णय घेतला तो १९९८ मध्ये. तोवर सामना चालू असताना तेथील पॅव्हेलियनमध्ये राणी आणि कामावरच्या कर्मचारी स्त्रिया यांच्याखेरीज बाईला प्रवेश नसे. त्याच १९९८ साली बार्बाडोसच्या डोना सिमंड्स यांचा आवाज बीबीसीच्या ‘टेस्ट मॅच स्पेशल’ या कार्यक्रमात समालोचक म्हणून ऐकू आला. त्या कार्यक्रमातील त्या पहिल्या महिला समालोचक. कार्यक्रम १९५७ पासून चालत आलेला. या बाबतीत आपले इंदूर क्रिकेटच्या माहेरघरापेक्षा एकवीस वर्षे पुढे होते, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे.

मात्र हे पाऊल पडल्यावर वाट सरळ झाली नाही. २००३ च्या विश्वचषकात मंदिरा बेदी दूरचित्रवाणीवर सामन्यांच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन करू लागल्या, तेव्हा देशभर चर्चा झाली ती त्यांच्या साड्यांची आणि पोलक्यांची. त्यांच्या शेजारी बसलेल्या माजी खेळाडूंच्या कोटांविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. अंजुम चोप्रांसारख्या माजी कर्णधार पुढे समालोचनात स्थिरावल्या, पण त्यांच्या पाठीशी पुन्हा खेळाडूपणाचा पुरावा होता. नुसत्या जाणकारीच्या बळावर पुढे येण्याचे उदाहरण हवे असेल तर नवी मुंबईच्या वृंदा राठी यांचे घ्यावे. प्रथम गुणलेखक म्हणून त्यांनी सामन्यांचे आकडे टिपले, नंतर पंचगिरीची परीक्षा दिली, आणि २०२३ च्या जानेवारीत रणजी सामन्यात उभ्या राहणाऱ्या पहिल्या तीन महिला पंचांत त्यांची गणना झाली.

१९ ऑक्टोबर २०२५ रोजी महिला विश्वचषकातील भारत-इंग्लंड सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर झाला. सांगलीच्या स्मृती मानधना यांनी ८८ धावा केल्या, आणि भारत अवघ्या चार धावांनी हरला. हे मैदान २०१० पर्यंत महाराणी उषाराजे यांच्या नावाने ओळखले जात होते. चंद्राबाईंना हा सामना पाहता आला नाही. ४ एप्रिल २०२१ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी इंदूर येथे त्यांचे निधन झाले होते.

त्यांच्या निधनाने एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. होळकर संघाचे शेवटचे करंडक ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्या पिढीतील स्त्रिया आज पंच्याऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. आपल्या समाजातील जुन्या घरांत अशा आजी, आत्या, मावश्या अद्याप आहेत. त्यांना आपण लोणच्याचे प्रमाण विचारतो, कुळाचार विचारतो, कोणाचे माहेर कोठले तेही विचारतो. सरवटे चेंडू कसा वळवीत, मुश्ताक अली पुढे सरसावून कसे खेळत, हे मात्र विचारीत नाही, कारण त्यांना ते ठाऊक असेल असे आपल्या मनातच येत नाही. कोणत्याही साहित्यसभेला आणि कोणत्याही कुटुंबाला हे काम करता येईल. एक वही, एक दुपार आणि मधे न बोलता ऐकून घेण्याची तयारी असली की झाले. मात्र त्यासाठी आता फार वर्षे हाती उरलेली नाहीत.