शूर्पारक बंदर व कर्णधार सुपारग

वैतरणा व उल्हास या नद्यांच्या मुखांमधील वसई-सोपाऱ्याचा प्रदेश पूर्वी खाड्यांनीं वेढलेला, बेटासारखा होता. वटार गांव त्याच्या समुद्राकडील अंगास आहे. सोपाऱ्याचें नांव काढतांच १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं उजेडांत आणलेला स्तूप व अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडा आठवतो; जहाजें बंदरास लावणारा कर्णधार मात्र दुर्लक्षित राहतो.

त्याचें काम इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत भरुकच्छाच्या संबंधानें वर्णिलें आहे. राजाच्या चाकरींतील स्थानिक कोळी मोठ्या नावा घेऊन सौराष्ट्रापर्यंत सामोरे जात, उथळ जागा चुकवून परकी जहाजें ओढून आणीत, भरतीबरोबर पुढें सरकत व ओहोटींत ठराविक डोहांत नांगर टाकीत. त्याच ग्रंथांत भरुकच्छाच्या दक्षिणेस 'सुप्पारा' नोंदलें आहे.

आर्यशूराची 'जातकमाला' तर बंदराचें नांवच सुपारग या कर्णधारावरून पडल्याचें सांगते. मासे, पाण्याचा रंग, माती, पक्षी व खडक यांवरून तो प्रदेश ओळखी. ही व्युत्पत्ति इतिहास म्हणून ग्राह्य नाहीं. गांवाच्या नांवावरून पुरुष कल्पिण्याची चाल जुनी आहे, व पालि जातकांत हाच नायक भरुकच्छाचा आहे. तथापि कथाकारास या नांवाचा पुरुष राजा वा श्रेष्ठी न सुचतां कर्णधारच सुचला, ही साक्ष लहान नव्हे.

यास्तव वसई-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरील घरांतून नावाड्यांच्या वह्या वा टांचणें आढळल्यास संग्राहकांनीं त्यांना रद्दी समजूं नये.