मातीची परीक्षा

लाकूड, दगड आणि लोखंड यांचा जोर माणसानें केव्हांच अजमावला. पण हें सारें जिच्यावर उभें राहावयाचें त्या मातीची ताकद मोजण्याचें साधन त्याच्या हातीं फार उशिरां आलें.

पहिला नेमका विचार कूलंब या फ्रेंच लष्करी इंजिनिअराचा. १७७३ मध्यें पॅरिसच्या विज्ञान-अकादमीपुढें त्यानें आपला निबंध मांडला. माती घसरूं पाहते तेव्हां तिला चिकटपणा आणि घर्षण हीं दोनच अडवितात, असें त्याचें म्हणणें. १८४६ मध्यें त्याच्याच देशांतील कोलँ यानें ढासळलेले बांध अभ्यासून चिकणमाती कापून पाहण्याचें यंत्र वर्णिलें. पण तिकडे फारसें कोणीं पाहिलें नाहीं.

लक्ष वेधलें तें संकटांनीं. स्वीडनमध्यें रेल्वेचे बांध खचूं लागले, म्हणून सरकारी रेल्वेनें एक तपास-समिति नेमली. तिचें शंकुयंत्र अगदीं साधें होतें. ६० ग्रॅम वजनाच्या शंकूचें टोंक मातीला टेकवून तो सोडावयाचा आणि किती रुतला तें मोजावयाचें. समितीचें काम चालू असतांच, १ ऑक्टोबर १९१८ रोजीं, येटो येथें बांध खचून आगगाडी कोसळली आणि चाळिसांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं.

शंकु मातीचा आजचा घट्टपणा सांगे. भार पडल्यावर तिचें काय होईल, हें सांगत नसे. तें कोडें कार्ल टेर्झागी यानें सोडविलें. पहिल्या महायुद्धानंतर इस्तंबूलच्या रॉबर्ट कॉलेजांत, सिगारच्या पेट्या आणि टाकाऊ सामान जमवून, त्यानें उपकरणें रचलीं. त्याला दिसलें तें असें : ओल्या चिकणमातीवर भार ठेवला कीं प्रथम तो कणांमधलें पाणीच पेलतें. पाणी सावकाश झिरपून गेलें म्हणजे मग तो कणांवर येतो. घर्षण मात्र कणांचें. पाण्याला तें नाहीं. म्हणूनच घाईनें उभारलेला बांध दगा देतो. १९२५ मध्यें व्हिएन्ना येथें त्याचा ग्रंथ निघाला.

१९३० नंतरच्या दशकांत मातीचा दंडगोल रबराच्या पातळ पिशवींत घालून, सभोंवार पाण्याचा दाब देऊन, वरून भार वाढविण्याची पद्धति रूढ होऊं लागली. आंतलें पाणी वाहूं द्यावें कीं कोंडावें, हें परीक्षकाच्या हातीं. आणि त्याप्रमाणें एकच माती दोन निराळीं उत्तरें देते.

तेव्हां ‘ही माती किती मजबूत?’ एवढेंच विचारणें अपुरें आहे. तिच्या पोटांतलें पाणी कोठें जाणार, हेंहि विचारावें लागतें. वर राहणाऱ्यांचे प्राण त्या दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून असतात.