जलगारांचे सोने

आपल्या रंगावलीच्या वाळूत सोने सापडेल काय, असा प्रश्न एका तरुण कामगाराने आमच्या बैठकीत विचारला, तेव्हा सगळे हसले. आम्ही हसलो नाही, कारण उत्तर आम्हांलाही येत नव्हते. ज्याची शाळा लवकर सुटली, त्याला असली उत्तरे हुडकण्याची खोड लागते. आजचे व्याख्यान त्या खोडीचेच फळ आहे.

रंगावलीत सोने सापडणार नाही. नवापूरच्या पायांखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भुईच्या भेगांतून वाहिलेला लाव्हा होय. त्यात घेण्याजोगे सोने नाही. मग त्याच्या वाळूत कोठून येणार? त्यासाठी फार जुना खडक हवा, आणि तो कृष्णेपलीकडे गदगजवळ कप्पतगुड्डाच्या डोंगरांत आहे. १९५६ पर्यंत गदग आणि आपले खानदेश एकाच मुंबई राज्यात होते, तेव्हा ही कथा अगदीच परमुलखातली नव्हे.

तेथील धारवाडी खडकांचे वय अडीचशे कोटी वर्षांच्या वर जाते. त्यांतून पांढऱ्या गारेच्या शिरा गेल्या आहेत आणि काही शिरांत सोन्याचे कण आहेत. पावसाने खडक झिजतो व नाले ती माती वाहून नेतात. सोने पाण्याच्या एकोणीसपट जड, वाळू जेमतेम अडीचपट. त्यामुळे नाल्याच्या वळणावर, धोंड्याच्या आडोशाला, जेथे पाण्याचा जोर मोडतो तेथे वाळू पुढे जाते आणि सोने काळ्या लोखंडी रेतीबरोबर तळाशी बसते. ही जागा ओळखणे हीच सारी विद्या.

ती विद्या जलगारांची. पाऊस पडून गेला की डोणी, सोरटूर या गावांकडच्या नाल्यांतली माती ते लाकडी परातीत धूत. एरवी सोनारांच्या दुकानांतला केर धुऊन त्यातले कण काढीत. आपल्याकडे हेच काम झारेकरी करी. भूस्तर खात्याच्या ब्रूस फूट यांनी १८७४ मध्ये या डोंगरांविषयी लिहिले. सोने आहे, पण मोठा उद्योग चालावा असे लक्षण नाही, असाच त्यांच्या पाहणीचा रोख होता. तरी विसाव्या शतकाच्या आरंभी कंपन्या आल्याच. त्यांनी नाले सोडून गारेच्या शिरा खणल्या. एक खाण सांगली संस्थानच्या हद्दीत होती; तिला सांगलीचेच नाव पडले. दहाएक वर्षांत ही धामधूम थंडावली.

आता आमच्या धंद्याची, म्हणजे मजुरीची गोष्ट. नाल्यावर परात घेऊन बसणाऱ्याला रोज काय पडत असेल? नाला सर्वांना मोकळा. शेतमजुरीहून जास्त सुटू लागले, तर आसपासचे मजूर परात घेऊन धावतील आणि वाटा घटेल. कमी सुटले, तर जलगार खुरपे हाती घेईल. म्हणून त्याची मिळकत शेतमजुराच्या रोजाभोवतीच घोटाळणार. परक्या माणसाला मात्र परातीतले पिवळे कण दिसतात, ते धुणाऱ्याची भाकरी दिसत नाही. जेथे गरीब माणूस सोने धुतो तेथे खाली खजिना असलाच पाहिजे, हा हिशेब भागधारकांना भोवला. आज तमिळनाडूत असलेल्या आग्नेय वायनाडमध्ये १८८० च्या सुमारास लंडनच्या तीसएक कंपन्या अशाच बुडाल्या.

कोलारला मात्र खजिना निघाला. तेथे १८०२ मध्ये लेफ्टनंट वॉरन यांनी माहितीसाठी बक्षीस लावले, तेव्हा उरिगामच्या गावकऱ्यांनी गाडीतून माती आणली आणि त्यांच्यासमोर धुऊन सोने दाखविले. पुस्तकांत वॉरन आहेत. गाडीवानाचे नाव आम्हांला कोठेच आढळले नाही. ती खाणही २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली.

कप्पतगुड्ड २०१९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. नाल्यांतले सोने संपलेले नाही; दर पावसाळ्यात डोंगर थोडे झिजतातच. ते धुण्यापेक्षा दुसऱ्या कामात जास्त मजुरी मिळू लागली, एवढेच. आमच्या त्या कामगाराला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे खाण मजुरांनीच बंद केली की!"