भाजीपाल्यातील कीडनाशक अवशेष चाचणी

भाजीपाल्यातील कीडनाशक अवशेष चाचणी म्हणजे पिकावर वापरलेल्या कीटकनाशके, बुरशीनाशके आदी रसायनांचे काढणीनंतर भाज्यांत राहिलेले अंश प्रयोगशाळेत ओळखण्याची व मोजण्याची प्रक्रिया. कृषी विभागाच्या परिभाषेत या अंशांना ‘उर्वरित अंश’ म्हणतात. महाराष्ट्रात या चाचणीची शिस्त प्रामुख्याने निर्यातीच्या गरजेतून रुजली.

कमाल मर्यादा

प्रत्येक पीक व रसायन यांच्या जोडीसाठी कमाल उर्वरित अंश मर्यादा (एमआरएल) ठरवलेली असते. शिफारशीप्रमाणे फवारणी केल्यास आणि शेवटची फवारणी व काढणी यांत ठरावीक दिवसांचे अंतर राखल्यास जास्तीत जास्त किती अंश राहील, याच्या प्रक्षेत्र चाचण्यांवर ती आधारित असते. तो अंश आरोग्यास धोकादायक नाही ना, हे स्वतंत्रपणे तपासले जाते. विशिष्ट मर्यादा नसलेल्या रसायनासाठी युरोपीय संघात सर्वसाधारणपणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते. म्हणजे १०० टन भेंडीत १ ग्रॅम.

नमुना व विश्लेषण

कोडेक्सच्या पद्धतीनुसार २५ ते २५० ग्रॅम वजनाच्या फळभाजीचा नमुना किमान १ किलो व १० नगांचा असावा लागतो. भाजी न धुता बारीक करून तिचा एकजीव लगदा केला जातो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्वेचर्स’ पद्धतीत १० ग्रॅम लगद्यातील अवशेष ॲसिटोनायट्राइल या द्रावकात उतरवतात, मीठ व मॅग्नेशियम सल्फेट घालून पाणी वेगळे करतात आणि अर्क शुद्ध करतात. पुढे वायू किंवा द्रव क्रोमॅटोग्राफीने घटक वेगळे करून मास स्पेक्ट्रोमीटरने त्यांची ओळख व प्रमाण निश्चित केले जाते. अशा एकाच चाचणीत शेकडो रसायने शोधता येतात.

निर्यात व द्राक्ष प्रकरण

रायगड जिल्ह्यातील द्रोणागिरीलगतच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून (न्हावा शेवा) शीत कंटेनरमधून फळे व भाजीपाला परदेशी जातो. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश आढळल्यानंतर अपेडाने अवशेष नियंत्रण योजना सुरू केली. तिच्यासाठी पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. या व्यवस्थेत नोंदणीकृत बागेतून प्रयोगशाळेचा प्रतिनिधी नमुना घेतो.

तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकामुळे भारतीय द्राक्षे युरोपात नाकारली गेली. हे रसायन तेव्हा तपासणीच्या यादीत नव्हते. शिवाय ते अतिध्रुवीय असल्याने नेहमीच्या बहुअवशेष पद्धतीत सापडत नाही, त्यासाठी स्वतंत्र चाचणी करावी लागते. ‘अवशेष आढळले नाहीत’ या अहवालाचा अर्थ तपासलेल्या यादीपुरताच असतो, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले. २०१३ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीय भेंडी व कढीपत्ता यांनाही अवशेष चाचणीच्या निकालांसह आरोग्य प्रमाणपत्राची अट घातली.

देशांतर्गत बाजार

देशातील मर्यादा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण ठरवते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार अन्न विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्यातीचा माल अहवाल येईपर्यंत थांबवता येतो. वाशीच्या बाजार समितीत पहाटे उतरलेली पालेभाजी मात्र एक-दोन दिवसांत ताटात पोहोचते. त्यामुळे तेथील चाचणी सदोष भाजी ग्राहकापर्यंत जाण्यापूर्वी क्वचितच रोखू शकते. तिचा उपयोग मुख्यतः देखरेख व कारवाईसाठी होतो.

कोलिनएस्टरेज या विकराच्या अवरोधावर आधारलेले जलद संच काही मिनिटांत निकाल देतात. मात्र ते ऑर्गनोफॉस्फेट व कार्बामेट गटांपुरते मर्यादित असून निओनिकोटिनॉइडसारखी रसायने त्यांत दिसत नाहीत. म्हणून स्थानिक ग्राहकाचे संरक्षण प्रयोगशाळेइतकेच शेतातील शिफारशीत मात्रा, लेबलवरील पीक आणि काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी यांच्या पालनावर अवलंबून असते.